मुलीची रूममेट

वाचकाचं पत्र:

«नमस्कार. मी शिकागोजवळ राहते, माहेर कोल्हापूरकडचं. मोठी मुलगी यंदा इलिनॉयमध्येच एका विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. गेल्या गेल्या तिने सोरोरिटी जॉइन केली. आम्हाला दोघांना ते पटलं नव्हतं, पण तिला मैत्रिणी मिळाल्या म्हणून गप्प बसलो. आता ऑगस्टपासून ती सोरोरिटीच्या घरात राहायला जाणार. एका खोलीत दोघी. दुसरा जो आहे तो ट्रान्सजेंडर आहे. (मुलींनी एकमेकींना निवडलंय म्हणे.) हे मला मुलीकडून कळलं नाही, आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. ग्रुपमधल्या एका बाईंनी सोरोरिटीच्या मुख्य कार्यालयाला पाठवायला एक पत्र तयार केलंय. अशा व्यक्तीला घरात राहू देऊ नये, ते बेकायदा आहे, वायोमिंगमध्ये काय झालं ते बघा, असं त्यात आहे. बऱ्याच जणींनी सह्या केल्या. रविवारपर्यंत मुदत आहे. मुलीला फोन केला तर म्हणाली, “आई, तू सही केलीस तर मी उन्हाळ्यात घरी येणार नाही.” आणि फोन ठेवला.

मी काही वाईट बाई नाही हो. लहानपणी आमच्या दारात यल्लम्माचा जग घेऊन जोगते यायचे. आई जोगवा घालायची, आम्हाला पाया पडायला लावायची. पण पाया पडणं निराळं आणि मुलीच्या खोलीत ती राहणार हे निराळं. बाथरूमचं काय? सही करू का? आणि पुढच्या महिन्यात मॉम्स वीकेंड आहे. ते समोर आलं तर मी काय बोलू?»

ताई,

सही करू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्याकडे रविवारपर्यंतच वेळ आहे आणि माझी उत्तरं लांबतात हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

वर छापलंय ते तुमचं पत्र पूर्ण नाही. मूळ पत्रात त्या मुलीचं नाव होतं, तिचं आधीचं नाव होतं आणि ती कुठल्या गावची हेही होतं. तिन्ही मी काढली. तुमच्या मुलीला इथे मुक्ता म्हणू. त्या दुसऱ्या मुलीला मी पर्यायी नावसुद्धा देत नाही, तिची नावं आधीच पुष्कळ हातांतून फिरून आलीत. जरा विचार करा, तिचं जुनं नाव तुम्हाला कोणी सांगितलं? मुक्ताने नक्कीच नाही. कुणीतरी शोधून काढलं, ग्रुपवर टाकलं, आणि चार दिवसांत एका एकोणीस वर्षांच्या पोरीची जन्मनोंद इलिनॉयहून पुण्यात माझ्या टेबलावर येऊन पडली. तिच्या आजीला माहीत आहे का, ती सुट्टीत जिथे काम करते तिथे माहीत आहे का, तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. त्या पत्रात तिचं नाव असेल तर सहीचा पहिला परिणाम तोच: ते नाव आणखी दोन कार्यालयांत, कुणाच्या कुणाच्या फोनमध्ये जाणार. खोलीचा निकाल काय लागायचा तो नंतर लागेल.

आता इकडच्या वाचकांसाठी थोडं, कारण सोरोरिटी म्हटलं की कुणाला लेडीज हॉस्टेल वाटतं आणि कुणाला भिशी. थोडं दोन्हीसारखं आहे. अमेरिकेत पूर्वी कॉलेजांतल्या पुरुषांनी ग्रीक अक्षरांची नावं घेऊन मंडळं काढली होती, त्यांत बायकांना प्रवेश नव्हता. मग बायकांनी आपली काढली. जॉर्जियातल्या मेकन इथल्या वेस्लियन कॉलेजात 1851 आणि 1852 मध्ये अशी दोन मंडळं निघाली, ती आजही चालू आहेत. सोरोरिटी हा शब्द मागाहून आला. सिरॅक्यूज विद्यापीठातल्या लॅटिनच्या एका प्राध्यापकांनी तो 1882 मध्ये तिथल्या मुलींच्या मंडळासाठी सुचवला. तोवर बायकांची मंडळंही स्वतःला फ्रॅटर्निटी म्हणजे बंधुमंडळच म्हणवत. काहींच्या कायदेशीर नावात अजून तोच शब्द आहे. बायकांच्या संघटनेचं नाव बंधुमंडळ, आणि दीडशे वर्षं कुणाचं काही अडलं नाही, ही माझी एक आवडती गोष्ट आहे.

यांतल्या 26 राष्ट्रीय संघटना मिळून एक परिषद आहे, 1902 पासूनची. पहिल्या वर्षाच्या मुली आठ-दहा दिवस घरोघरी जातात, गप्पा होतात, दोन्ही बाजू आपापल्या पसंतीच्या याद्या देतात, आणि शेवटी एका दिवशी प्रत्येकीच्या हातात आमंत्रण पडतं, त्याला बिड म्हणतात. आपल्याकडच्या कांदेपोह्यांची आठवण येते, फक्त इथे एका दिवसात दहा स्थळं. मग काही आठवडे शिकाऊ, मग गुप्त विधी, मग सदस्यत्व. ते जन्मभराचं असतं. सत्तरीतल्या बायका कोटावर आपल्या सोरोरिटीची पिन लावून फिरताना मी पाहिल्यात.

तर ती मुलगी ह्या सगळ्यातून पार पडलेली आहे. मुक्ता ज्या दारांतून आत गेली त्याच दारांतून तीही गेली, त्याच मुलींनी तिला निवडलं. त्या परिषदेच्या नियमात भरतीपुरती ‘स्त्री’ची व्याख्या अशी आहे: जी स्वतःला स्त्री मानते आणि सातत्याने स्त्री म्हणून जगते. पुढे कुणाला सदस्य करायचं हे प्रत्येक संघटना स्वतः ठरवते. मुक्ताच्या संघटनेने ठरवलं.

त्यामुळे पत्रातलं ‘बेकायदा’ हे चूक आहे. ग्रुपवर वायोमिंग-वायोमिंग चाललंय, पण तिथे शेवटी काय झालं ते बहुतेक कुणी पूर्ण वाचलेलं दिसत नाही. लॅरामी गावातल्या वायोमिंग विद्यापीठात कॅपा कॅपा गॅमा या सोरोरिटीच्या शाखेने 2022 मध्ये एका ट्रान्स विद्यार्थिनीला घेतलं. 2023 च्या मार्चमध्ये त्याच शाखेतल्या काही मुलींनी आपल्याच संघटनेवर दावा लावला. ती विद्यार्थिनी त्या घरात राहतसुद्धा नव्हती, हे फॉरवर्डमध्ये नसतं. ऑगस्टमध्ये फेडरल न्यायाधीश ॲलन जॉन्सन यांनी दावा फेटाळला. संघटनेच्या नियमावलीत ‘स्त्री’ची व्याख्या केलेली नाही, ती कशी करायची हे खासगी संघटनेला कोर्ट सांगणार नाही, असं त्यांचं म्हणणं. अपील झालं, तेही 2024 मध्ये वरच्या कोर्टाने मूळ मुद्द्यावर निकाल न देता परत पाठवलं, कारण खालचा निकाल अंतिम नव्हता. 2025 मध्ये दावा सुधारून पुन्हा आला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा फेटाळला गेला. या वेळी तो तिथे परत दाखल करता येणार नाही अशा तऱ्हेने.

पण मुक्ताच्या बाजूच्या मंडळींनीही फार नाचू नये. कोर्टाने ‘घ्यायलाच हवं’ असं म्हटलेलं नाही. घ्यायचं की नाही हे संघटनेने ठरवावं, एवढंच म्हटलं. शेजारच्या गल्लीतल्या सोरोरिटीने उलट ठरवलं तर हाच निकाल तिच्याही कामी येईल. शिक्षणात लिंगावरून भेदभाव नको असं सांगणारा 1972 चा टायटल नाइन नावाचा कायदा आहे. 1974 मध्ये त्यातून सोरोरिटी आणि फ्रॅटर्निटींच्या सदस्यत्वाला सूट मिळाली, म्हणून तर फक्त मुलींची मंडळं चालू शकतात. आता 2025 च्या जूनमध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने नेमक्या याच प्रकरणावरून वायोमिंग विद्यापीठाची चौकशी सुरू केली. पुरुष सदस्य घेतला की ती सोरोरिटीच उरत नाही आणि सूटही जाते, असा खात्याचा युक्तिवाद आहे. म्हणजे वाद मिटलेला नाही, तो तुमच्या मुलीच्या खोलीपेक्षा फार मोठ्या लोकांच्या हातात आहे. त्यांना तुमच्या सहीची गरज नाही. गरज तुमच्या ग्रुपमधल्या बाईंना आहे, यादी लांब दिसावी म्हणून.

आता बाथरूम. हा प्रश्न हास्यास्पद नाही आणि मुक्ता जर ‘शी, आई!’ म्हणाली असेल तर ते तिने बरं केलं नाही. मुलगी परक्या घरात तीस-चाळीस जणींबरोबर राहणार, आईला प्रश्न पडणारच. मध्यपश्चिमेतल्या काही जुन्या घरांत तर सगळ्या जणी एकाच मोठ्या थंड खोलीत बंकवर झोपतात आणि हिवाळ्यातही खिडक्या उघड्या. तेव्हा घराची व्यवस्था पाहणाऱ्या हाउस डायरेक्टर असतील त्यांना सरळ विचारा: शॉवरना दारं आहेत की पडदे? आतून कडी लागते का? कपडे बदलायला आडोसा आहे का? पुरुष पाहुण्यांसाठी नियम काय? हे सगळं त्या मुलीचं नाव न घेता विचारता येतं. मुक्ताची रूममेट पेओरियाची कुणी जेनिफर असती तरी विचारण्यासारखंच आहे. पडदा फाटका असेल तर तो सगळ्या जणींसाठी फाटका आहे, तो बदलायला लावा. उत्तर समाधानकारक आलं आणि तरीही छातीत धडधडत राहिलं, तर मग ती धडधड कडीची नाही, हे स्वतःशी कबूल करावं लागेल.

कंसातलं वाक्य मी तुमच्या पत्रात दोनदा वाचलं. ‘मुलींनी एकमेकींना निवडलंय म्हणे.’ ताई, सगळं पत्र एका बाजूला आणि हे कंसातलं एका बाजूला. मुक्तावर कुणी रूममेट लादलेली नाही. सहा-सात महिने एकत्र जेवून, अभ्यास करून, रात्री-बेरात्री गप्पा मारून तिने ठरवलंय की वर्षभर मला हिच्याबरोबर राहायचंय. आपण मुलींना इतक्या लांब पाठवतो ते माणसं पारखायला शिकाव्यात म्हणूनच ना? आणि तिने पारखलं तर आपण सह्या गोळा करायच्या?

तिला एकदाच सांगा: काही खटकलं, कुणाहीबद्दल, तर खोली बदलून मागायची, कारण द्यायला लागत नाही, मी पाठीशी आहे. एकदाच. दर फोनला ‘सगळं ठीक ना?’ असं आवाज खाली करून विचारलंत तर ती तुम्हाला काही सांगायचं बंद करेल. आणि पुढे दोघींची भांडणं होतील, हेही धरून चाला. ओले टॉवेल, पहाटेचे गजर, न विचारता खाल्लेला चिवडा. ट्रान्स मुली सगळ्या देवमाणसं असतात असा माझा दावा नाही. त्यांच्यातही घोरणाऱ्या असतील, उधारी बुडवणाऱ्या असतील. ते भांडण टॉवेलचं असेल तर टॉवेलचंच राहू द्या.

माझ्याबद्दल एक सांगते, ते सांगायला मला आवडत नाही. तिकडे अमेरिकेत एका विद्यापीठाच्या वसतिगृह विभागात मी 21 वर्षं नोकरी केली. सुरुवातीच्या काळात एका मुलीच्या वडिलांचं पत्र आलं की माझ्या मुलीची रूममेट समलिंगी आहे, तिला हलवा. वरच्यांनी मला विचारलं, मी म्हटलं, हलवू या, तिचीही सोय होईल. फॉर्मवर सही माझी. तिला एकटीची खोली मिळाली, चांगली होती, खिडकीतून मैदान दिसायचं. त्यानंतर मी तिला मेसमध्ये पाहायची ते नेहमी कोपऱ्यातल्या टेबलावर, कानात इयरफोन. सहामाही संपल्यावर ती विद्यापीठ सोडून गेली. का गेली, मी कधी विचारलं नाही, विचारायची हिंमत नव्हती. त्या वडिलांच्या पत्रात ‘सुरक्षितता’ हा शब्द तीनदा होता. तुमच्या ग्रुपच्या पत्रात तो किती वेळा आहे, मोजून बघा.

दुसरी आठवण त्याच्याही आधीची, पुण्यातल्या माझ्या कॉलेजच्या हॉस्टेलमधली. आमच्या मजल्यावर एका मुलीच्या बादलीला कोणी हात लावायचं नाही. कारण कोणी उच्चारायचं नाही, आडनाव पुरे असायचं. स्वच्छतेचा प्रश्न आहे, असं म्हटलं जायचं. मीही माझी बादली लांब ठेवायची. आम्ही सगळ्या चांगल्या घरच्या मुली होतो.

सोरोरिटींचा इतिहास ह्या बाबतीत काही फार उजळ नाही. काळ्या मुलींना त्यांत जागा नव्हती, म्हणून 1908 मध्ये हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कॅपा अल्फा निघाली, कमला हॅरिस तिच्याच सदस्य. ज्यू मुलींनी 1909 मध्ये बर्नार्ड कॉलेजात आपली काढली. आणि आपल्या मुलींनी? 1998 या एकाच वर्षात ह्यूस्टन, ऑस्टिन आणि न्यूयॉर्क अशा तीन ठिकाणी भारतीय उपखंडातल्या मुलींच्या तीन सोरोरिटी सुरू झाल्या. हौस होती, भांगडा होता, दिवाळी होती, हे खरं. पण त्या काळात दक्षिणेकडच्या विद्यापीठांत शिकलेल्या तुमच्या एखाद्या मैत्रिणीला विचारा, तिला पहिल्या दिवशी किती घरांनी गोड हसून निरोप दिला होता.

अलाबामा विद्यापीठातली गोष्ट तर कालपरवाची, 2013 ची. विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने छापलं की घरातल्या मुलींना एका हुशार काळ्या मुलीला घ्यायचं होतं, पण माजी सदस्य असलेल्या बायकांनी अडवलं. मुली तयार होत्या, मोठ्या बायका नव्हत्या. बोभाटा झाला, विद्यापीठाला मध्ये पडावं लागलं, आमंत्रणं पुन्हा निघाली. तुमच्या आयांच्या ग्रुपबद्दल वाचताना मला पहिल्यांदा हेच आठवलं. मुक्ताला ही गोष्ट बहुधा माहीत असेल. त्या मुलींना हल्ली हे सांगतात.

जोगत्यांचं तुम्ही लिहिलंत ते मला आवडलं. प्रामाणिक आहे. मात्र दोन गोष्टी एकीत मिसळल्यात. जोगता होणं ही देवीला वाहून घेण्याची परंपरा आहे. तुमच्या मुलीच्या मैत्रिणीला देवीने बोलावलेलं नाही, तिला बायोकेमिस्ट्री की काय ते शिकायचंय. जन्मताना मुलगा म्हणून नोंद झाली, ती मुलगी आहे आणि मुलगी म्हणून जगते, एवढीच तिची गोष्ट. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 15 एप्रिल 2014 च्या निकालात म्हटलंय की आपलं लिंग काय हे माणूस स्वतः ठरवतो आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येत नाही. तेव्हा ‘ऑपरेशन झालंय का’ हा जो प्रश्न ग्रुपवर चघळला जातोय, तो मुक्ताला विचारू नका, तिच्या मैत्रिणीला तर नाहीच. तुमचं गर्भाशय काढलंय का, हे मॉम्स वीकेंडला तुम्हाला कोणी विचारलं तर कसं वाटेल?

आता मॉम्स वीकेंड. तुम्हाला वाटतं इंग्रजीत बोलायची वेळ येईल तेव्हा चूक होईल. मला उलट वाटतं. इंग्रजीत ‘हाय, हाउ आर यू’ ह्यात कुणाचं काही कळत नाही. गडबड मराठीत होणार, तुम्ही मुक्ताशी बाजूला बोलताना. आपल्याकडे आलास-आलीस, जेवला-जेवली, प्रत्येक क्रियापद माणसाची कुंडली मांडून बसतं. तुमच्याच पत्रात पाहा. सुरुवातीला ‘दुसरा जो आहे तो’. जोगत्यांच्या आठवणीनंतर लगेच ‘मुलीच्या खोलीत ती राहणार’. आणि अगदी शेवटी ‘ते समोर आलं तर’. हे ‘ते’ आदरार्थी नव्हतं ताई. आदरार्थी असतं तर ‘आले’ लिहिलं असतंत. तुम्ही ‘आलं’ लिहिलंत. मांजर आलं, वादळ आलं, तसं.

मधल्या ओळीत तुमच्या हातून ‘ती’ आपसूक उतरलंय. कुणी शिकवलं नव्हतं. तिथूनच धरा. जीभ घसरली तर ‘अगं ती’ म्हणून पुढे बोलत राहा, माफीचं कीर्तन मांडू नका, त्याने पोरी जास्त अवघडतात. तिला विशेष वागणूकही नको. मिठी मारून ‘यू आर सो ब्रेव्ह’ वगैरे तर बिलकुल नको. नाव विचारा, ती जे सांगेल ते तिचं नाव. कुठली, काय शिकतेस, मेसचं जेवण कसं आहे, हे विचारा. तुम्ही कोल्हापूरच्या, जेवणावरून गप्पा तुम्हाला मी काय शिकवायच्या.

ग्रुपवर भाषण देण्याची गरज नाही. ‘मी सही करत नाहीये, आणि कृपया त्या मुलीचं नाव इथून काढा’ एवढं लिहा. दोन-तीन जणी तुम्हाला खासगीत लिहितील की आम्हालाही तसंच वाटत होतं. एखादी ग्रुप सोडेल. ज्यांनी पत्र लिहिलं त्या मॉम्स वीकेंडला तुमच्याशी बोलणार नाहीत कदाचित, ते सोसावं लागेल.

आणि मुक्ताला आजच मेसेज करा. लांबलचक नको, रागही नको, ‘मी खूप विचार केला’ हेही नको. ‘सही केली नाही. वीकेंडला येताना चिवडा आणतेय. ती तिखट खाते का?’ बस.